चरबी कुणाची, रक्त कुणाचं?

आपल्याकडे बाईला ‘चरबी चढलीय’ असं म्हणतात, तेव्हा तिच्या वजनाबद्दल कुणी बोलत नसतं. ती उलट बोलली, माहेरी दोन दिवस जास्त राहिली, कमाईचे पैसे स्वतःजवळ ठेवले, की तिला चरबी चढते. त्यामुळे आमच्या गटातल्या एकीच्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असं आलं आणि तिने तो कागद घरी दाखवला, तेव्हा नवरा काय म्हणाला असेल हे मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. “आम्ही म्हणतच होतो. आता डॉक्टरनेही लिहून दिलं!” घरातले सगळे हसले. तीही हसली.

ही मैत्रीण पाच घरी पोळ्या करते. वय ४७. सोनोग्राफी केली होती ती लिव्हरसाठी नव्हेच. वर्षभर तिच्या अंगावरून फार जात होतं, म्हणून गर्भाशय बघायला सांगितलं होतं. गर्भाशयात गाठ निघाली, ती लहान आहे म्हणून ‘थांबून बघू’ असं ठरलं, आणि जाता जाता लिव्हरवर चरबी दिसली. घरात चर्चा झाली ती चरबीची. अंगावरून जाण्याचा विषय तिथेच राहिला.

पुढची गोष्ट सांगताना माझी मलाच लाज वाटते. २०२४ च्या मार्चमध्ये एका बातमीचं कात्रण मी बैठकीत मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं होतं. अमेरिकेत बॉस्टनच्या एका रुग्णालयात फॅटी लिव्हरच्या रुग्णांना रोज कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली आणि सहा महिन्यांत त्यांच्या लिव्हरमधली चरबी कमी झाली, अशी ती बातमी. मी म्हटलं, “बघा, चहाच्या कपापेक्षा स्वस्त गोळी!” महागड्या औषधांवर इतकी वर्षं बोलत आल्यामुळे स्वस्त औषधाची बातमी दिसली की मला हुरूप येतो. तो मी बायकांच्या गळ्यात घातला.

या मैत्रिणीच्या नवऱ्याला स्टेंट बसवलेला आहे. घरात ७५ मिलिग्रॅमच्या अ‍ॅस्पिरिनची पाकिटं असतातच. तिने त्यातलीच रोज एक घ्यायला सुरुवात केली, कुणाला न सांगता. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेली दुखण्याची गोळी आधीपासून चालू होतीच. सात-आठ महिन्यांनी जिना चढताना तिला धाप लागायला लागली, शौचाला काळी होऊ लागली, आणि एके दिवशी कणीक मळताना ती ओट्यावरच कलंडली. हिमोग्लोबिन निघालं ७. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाली, “ताई, काळजाची गोळी म्हणून घेतली हो. तुम्हीच सांगितलं होतं ना.”

काळीज म्हणजे लिव्हर, हे तिला मटणाच्या दुकानातून माहीत. आपण शिकलेल्या बायका काळीज म्हणजे हृदय समजतो. शब्द तिचाच बरोबर होता. चूक माझी होती.

डॉक्टर म्हणाले की एवढं रक्त नक्की कशाने गेलं हे सांगता येणार नाही. पाळीचा हिस्सा किती, दुखण्याच्या गोळीचा किती, अ‍ॅस्पिरिनचा किती, याचा हिशेब कुणाला मांडता येणार? ते खरंच आहे. पण त्या दिवसापासून मी हा विषय नीट वाचायला घेतला, आणि जे मी आधी वाचायला हवं होतं ते आता लिहिते आहे.

बॉस्टनच्या चाचणीपासून सुरुवात करू, कारण ती खोटी नव्हती. चांगली, प्रामाणिक चाचणी होती. ८० माणसं घेतली, लिव्हरवर चरबी असलेली, पण अजून लिव्हर कडक होऊन सिऱ्होसिस न झालेली. अर्ध्यांना रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. सुरुवातीला लिव्हरमधली चरबी सरासरी ३५ टक्के होती. सहा महिन्यांनी अ‍ॅस्पिरिनच्या गटात ती सरासरी ६.६ अंकांनी उतरली, दुसऱ्या गटात ३.६ अंकांनी चढली. म्हणजे दोन्हींत दहा अंकांचा फरक. हा काही लहान फरक नाही.

असं का व्हावं, यालाही कारण आहे. डेंग्यूमुळे घराघरांत माहीत झालेल्या प्लेटलेट नुसत्या जखम बंद करत नाहीत. सुजलेल्या लिव्हरमध्ये त्या जाऊन गोळा होतात आणि सूज वाढवतात, असं संशोधकांना दिसलं आहे. अ‍ॅस्पिरिन या प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. लोक तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात, पण रक्त काही पातळ होत नाही. त्याची गुठळी बनण्याची शक्ती कमी होते. म्हणजे गोळीचा गुण आणि दोष हे एकाच कामाचे दोन परिणाम आहेत. लिव्हरची सूज उतरवायला प्लेटलेट थोपवायच्या, तर पोटात, गर्भाशयात, मेंदूत कुठे रक्त वाहू लागलं तर ते थांबवायलाही त्याच प्लेटलेट लागतात.

बॉस्टनच्या संशोधकांनीही ‘आता सगळ्यांनी अ‍ॅस्पिरिन घ्या’ असं म्हटलं नाही. मोठ्या चाचण्या हव्यात, असं म्हटलं. सहा महिन्यांत चरबी मोजता येते. पण माणूस चरबीने मरत नाही. चरबीमुळे सूज येते, सुजेमुळे वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये व्रण साठत जातात, त्यातून सिऱ्होसिस, क्वचित कॅन्सर. आणि फॅटी लिव्हर असलेल्यांचा जीव बहुतेक वेळा हृदयविकारानेच जातो. अ‍ॅस्पिरिनने व्रण थांबतात का, माणसं जास्त जगतात का, हे ८० माणसांवरून आणि सहा महिन्यांतून कळू शकत नाही. फॅटी लिव्हरसाठी अ‍ॅस्पिरिन द्या, असं यकृततज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांत आजही नाही. माझ्या कात्रणात हे शेवटच्या दोन ओळींत असेल. मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

त्या ८० जणांत ४४ बायका होत्या. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की अ‍ॅस्पिरिनच्या इतिहासात हा आकडा नवलाचा आहे. अ‍ॅस्पिरिनने पहिला हार्ट अ‍ॅटॅक टळतो हे जगाला ज्या मोठ्या चाचणीने पटवलं, ती १९८९ साली पूर्ण प्रसिद्ध झाली. २२,०७१ डॉक्टर, सगळेच्या सगळे पुरुष. एक बाई नाही. त्यांच्यात हार्ट अ‍ॅटॅक ४४ टक्क्यांनी कमी झाले, आणि तेवढ्या आधारावर ‘रोज एक अ‍ॅस्पिरिन’ हा सल्ला जगभर बायकांनाही मिळू लागला. बायकांवरची तशी चाचणी पुरी होऊन निष्कर्ष आले ते २००५ साली. ४५ वर्षांवरच्या ३९,८७६ बायकांना दहा वर्षं दिवसाआड १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा नुसती गोळी दिली गेली. पक्षाघात १७ टक्क्यांनी कमी झाले, हे खरं. पण हार्ट अ‍ॅटॅक एकूण गटात कमी झालेच नाहीत. ६५ च्या पुढच्या बायकांत थोडा फायदा दिसला. आणि रक्त चढवावं लागेल इतका पोटातला रक्तस्राव ४० टक्क्यांनी वाढला.

मधली ती सोळा वर्षं आपल्या नावावर कुणी लिहिली? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली, मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका अशी सूचना काढली होती. ती १९९३ साली मागे घेतली. पोटातल्या गर्भाची काळजी म्हणून बाईलाच पुराव्यातून वगळलं. आणि त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? नेट-एनच्या इंजेक्शनांच्या चाचण्या गरीब बायकांवर होत होत्या, धड माहिती न देता. त्याविरुद्ध १९८६ साली स्त्री-संघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. जुन्या कार्यकर्त्यांना ते दिवस आठवत असतील. गर्भ रोखायचं औषध असेल तर बाईचं शरीर चाचणीला हवं. हृदयाचं असेल तर नको. आपण त्या वेळी ‘आमच्यावर चाचण्या नकोत’ म्हणालो ते योग्यच होतं. पण तेवढंच म्हणून थांबलो का, असं मला आता वाटतं. ‘आमच्यावर चोरून चाचण्या नकोत आणि आम्हाला सोडूनही नकोत’ ही दुसरी अर्धी मागणी आपल्या घोषणांत तितकीशी नव्हती.

आता रक्ताकडे येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत अ‍ॅनिमिया निघाला. महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के. त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. याचा अ‍ॅस्पिरिनशी सरळ संबंध आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वयस्क माणसांवर १०० मिलिग्रॅम रोज अशी एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. आयुष्य धडधाकटपणे जगण्यात अ‍ॅस्पिरिनने काही भर पडली नाही, मोठा रक्तस्राव मात्र ३८ टक्क्यांनी वाढला. त्याच चाचणीचा आणखी एक निष्कर्ष २०२३ साली आला, त्याची बातमी कुठे फारशी झाली नाही. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत अ‍ॅनिमिया होण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी जास्त होतं, आणि शरीरातला लोहाचा साठाही जास्त वेगाने उतरत होता. म्हणजे ओकारीतून रक्त पडलं, धावपळ झाली, असं काही न होताही गळती चालू असते. २०२२ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने साठीनंतर, हृदयविकार नसताना, तो टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करू नये असा सल्ला दिला, तो अशा चाचण्यांमुळेच.

ही माणसं पासष्टीच्या पुढची, बरी खातीपिती, पाळी केव्हाच गेलेली. महिन्याला जिच्या अंगावरून ढिगाने जातं, जिचं हिमोग्लोबिन मुळात ९ आहे, जी सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या आमटीत पोळी बुडवून खाते, ती बाई या चाचणीत नव्हती. तिच्या घरात मात्र गोळी आहे.

कुणी म्हणेल, मग फॅटी लिव्हर म्हणजे काही नाहीच, सोडून द्या. तसंही नाही, आणि इथे मला आपल्याच काही मैत्रिणींशी भांडायचं आहे. ‘हा सगळा सोनोग्राफीवाल्यांचा धंदा’ असं म्हणून काही जणी हा आजार उडवून लावतात. २०२१ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बायकांत फॅटी लिव्हरचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असतं, पण एकदा झालं की लिव्हरमध्ये व्रण वाढण्याचा धोका पुरुषांपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त असतो, विशेषतः पन्नाशीनंतर. पाळी चालू असेपर्यंत शरीराला जे संरक्षण असतं ते पाळी गेल्यावर जातं. ज्यांना पीसीओएस आहे, बाळंतपणात ज्यांना साखर निघाली होती, स्तनाच्या कॅन्सरसाठी ज्या टॅमॉक्सिफेन घेतात, त्यांना हा धोका अधिक. म्हणजे आपली निम्मी ओळख-परेड यात येते.

आणि ‘मी कुठे जाडी आहे’ हेही उत्तर नव्हे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात गावकऱ्यांची तपासणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. १,९११ माणसांपैकी ८.७ टक्क्यांना फॅटी लिव्हर निघालं, आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांश लोकांचं वजन वाढलेलं नव्हतं. हडकुळ्या माणसाच्या लिव्हरवरही चरबी बसते. दारूचा थेंब न घेणाऱ्या बाईच्याही. २०२३ साली तज्ज्ञांनी या आजाराचं इंग्रजी नाव बदललं. जुन्या नावातल्या ‘फॅटी’ आणि ‘अल्कोहोलिक’ या दोन शब्दांनी रुग्णाची बदनामी होते, हे त्यांच्या कारणांपैकी एक. आपल्याकडे मात्र सोनोग्राफीच्या कागदावर अजून जुनंच नाव असतं आणि घरात त्याचं मराठी भाषांतर होतं.

उपाय काय, तर वजन असेल तर ते सात ते दहा टक्क्यांनी उतरवा, चाला, साखर कमी करा. हा सल्ला शास्त्राला धरून आहे, त्याने चरबी आणि सूज दोन्ही उतरतात. पण तो कुणाला दिला जातो ते बघा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा बिनपगारी घरकामाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. आमच्या मैत्रिणीला डॉक्टरने ‘रोज अर्धा तास चाला’ सांगितलं तेव्हा ती पाच घरं चालतच फिरत होती. तिला हवी होती ती संध्याकाळची एक तास सुट्टी, डाळ-उसळीची वाटी, आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी दुसरं काहीतरी. हे लिहून देणारा कागद कुठल्याच दवाखान्यात छापलेला नसतो. गोळी म्हणूनच आवडते, डॉक्टरला आणि आपल्यालाही. ती कुणाकडे वेळ मागत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तेव्हा आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. काय विचारायचं ते सांगते. ‘ग्रेड १’ या शब्दाने घाबरूही नये नि निर्धास्तही होऊ नये, कारण सोनोग्राफीला चरबी दिसते, व्रण नीट दिसत नाहीत. व्रणांचा अंदाज साध्या रक्त-तपासणीतून निघतो. वयाला एसजीओटीने गुणायचं. प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. समजा वय ५२, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट अडीच लाख. ५२ गुणिले ४० म्हणजे २,०८०. ४९ चं वर्गमूळ ७, त्याला २५० ने गुणलं की १,७५०. भागाकार साधारण १.१९. उत्तर १.३ च्या आत असेल तर मोठ्या व्रणांची शक्यता कमी. वर असेल तर पुढची तपासणी हवी. त्याच बाईच्या प्लेटलेट १ लाख ६० हजार असत्या तर उत्तर १.८६ आलं असतं. (पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ धरतात.) मोबाइलवर वर्गमूळ काढता येतं, आमच्या गटातल्या सातवी शिकलेल्या पोरीने ते सगळ्यांना शिकवलं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्लेटलेट ज्या तपासणीत मोजतात, त्याच कागदावर हिमोग्लोबिनही असतं. म्हणजे लिव्हरची चौकशी करताना बाईचं रक्त किती आहे हे डॉक्टरच्या डोळ्यांसमोर असतंच. ते न वाचता, पाळीबद्दल एक प्रश्न न विचारता, काळ्या शौचाबद्दल न विचारता, दुखण्याची कुठली गोळी घेते हे न विचारता बाईला अ‍ॅस्पिरिन लिहून दिली जात असेल, तर आपण ती चिठ्ठी परत त्यांच्या टेबलावर ठेवायला शिकलं पाहिजे. उद्या मोठ्या चाचण्यांतून ही गोळी लिव्हरला खरंच तारक ठरली तर मला आनंदच होईल. पण त्या चाचण्यांत अ‍ॅनिमियाच्या, पाळी चालू असलेल्या बायकांचं काय झालं याचा वेगळा रकाना हवा. तो भारतात होणाऱ्या चाचण्यांत तरी असलाच पाहिजे, ही मागणी आपण आत्तापासून करू.

एक खुलासा, नाहीतर पुन्हा कात्रणाचा घोळ व्हायचा. ज्यांना हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, त्यांची अ‍ॅस्पिरिन डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नये. ते धोक्याचं आहे. गरोदरपणी रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टर ती देतात, तेही वेगळं. सिऱ्होसिस झालेल्यांनी आणि पावसाळ्यात डेंग्यूची शंका असलेल्या तापात मात्र ती आपण होऊन कधीच घेऊ नये.

आमची मैत्रीण आता बरी आहे. हिमोग्लोबिन १० च्या वर आलंय, गाठीचा इलाज चालू आहे, लिव्हरचा तो भागाकार १.१ निघाला. मी बैठकीत उभी राहून माझी चूक सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “ताई, चूक तुमची निम्मी. मी पाळीचं बोलले होते, ते कुणी ऐकलं?” पुढच्या महिन्याच्या शिबिरात पहिला तास पाळीचाच ठेवला आहे. येताना प्रत्येकीने रक्त तपासणीचा शेवटचा कागद आणायचा, आणि घरात ज्या ज्या गोळ्या घेते त्यांची रिकामी पाकिटंही, मग ती कुणाच्या नावाची का असेनात.